जठराचा कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशन किती मोठं, आणि पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, ॲसिडिटी जात नव्हती म्हणून एंडोस्कोपी केली, जठराच्या खालच्या भागात साधारण अडीच सेंटिमीटरचा सपाट, मध्ये किंचित दबलेला डाग दिसला, बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, आला, सीटी स्कॅनमध्ये कुठे पसरलेलं दिसत नाही. एका डॉक्टरांनी जठराचा दोन तृतीयांश भाग काढावा लागेल असं सांगितलं, दुसऱ्यांनी एंडोस्कोपीतूनच सोलून काढता येतंय का बघू म्हटलं. यात बरोबर कोण, ऑपरेशननंतर बाबा किती वर्षं जगतील, आणि आम्हा भावंडांनीही तपासणी करायची का, असं विचारलंय.

मी गेली बरीच वर्षं जठर आणि अन्ननलिकेची ऑपरेशन्स करतोय, त्यामुळे सर्जनच्या बाजूने लिहितो. पहिलं म्हणजे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. या स्टेजला 'वाचतील का' यावर घरचे रात्र रात्र जागतात, पण आम्ही सर्जन जास्त डोकं लावतो ते जठर किती काढायचं यावर, कारण गरजेपेक्षा कमी काढलं तर आजार मागे राहू शकतो आणि गरजेपेक्षा जास्त काढलं तर माणूस बरा होऊनही उरलेलं आयुष्य जेवणाशी झगडत काढतो.

जठराची भिंत थरांची असते. आतून म्यूकोसा, त्याखाली सबम्यूकोसा, मग स्नायूंचा जाड थर आणि बाहेरून पातळ आवरण. कॅन्सर पहिल्या दोन थरांतच असेल तर त्याला अर्ली म्हणतात, ही व्याख्या जपानी डॉक्टरांनी १९६२ साली केली आणि आजही तीच चालते. गंमत म्हणजे तिच्यात डागाच्या आकाराला काही स्थान नाही, सगळं खोलीवर आहे. पाच सेंटिमीटरचा डाग अर्ली असू शकतो आणि दीड सेंटिमीटरचा नसूही शकतो. फक्त म्यूकोसात असेल तर टी१ए, सबम्यूकोसात उतरला असेल तर टी१बी. रिपोर्टवर ए की बी हे एकच अक्षर बदलतं पण आमचं अख्खं प्लॅनिंग त्यावर फिरतं, कारण टी१ए मध्ये जवळच्या लिम्फ नोडमध्ये (लसिकेच्या गाठींमध्ये) कॅन्सर पोचलेला असण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच इतकीच असते आणि टी१बी मध्ये ती पंधरा ते पंचवीसपर्यंत जाते. सबम्यूकोसात लिम्फच्या नळ्यांचं दाट जाळं असतं, पेशी तिथे पोचल्या की त्यांना बाहेर जायची वाट सापडते.

आता ही खोली ऑपरेशनच्या आधी शंभर टक्के कळत नाही, हे नातेवाईकांना पटवताना आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. सीटीमध्ये इतका पातळ डाग बऱ्याचदा दिसतच नाही आणि सीटीला साधे वाटलेले नोडही मायक्रोस्कोपखाली बाधित निघू शकतात. पेट स्कॅनचा आग्रह लोक फार धरतात पण छोट्या डागांमध्ये आणि सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या) प्रकारात तो अनेकदा काहीच दाखवत नाही, त्यामुळे तो कोरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यातल्या त्यात एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे एंडोस्कोपच्या टोकावरची सोनोग्राफी, खोलीचा बरा अंदाज देते, तरी तीही काही वेळा चुकते. जवळून झूम करून, रंग वगैरे वापरून डाग बघणारा अनुभवी एंडोस्कोपिस्ट मिळाला तर त्याच्या नजरेला मी मशीनइतकाच मान देतो.

अजून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू केल्यावर 'आता बरं वाटतंय' म्हणून पुढच्या तपासण्या ढकलू नका. अर्ली कॅन्सरवर झालेला अल्सर या गोळ्यांनी भरून येऊ शकतो, वर चांगली त्वचा धरते, एंडोस्कोपीत सगळं छान दिसतं आणि खाली कॅन्सर तसाच बसलेला असतो. म्हणून तर जठराच्या कुठल्याही अल्सरची गोळ्यांच्या कोर्सनंतर परत एंडोस्कोपी करून बायोप्सी घ्यायची पद्धत आहे.

आता एंडोस्कोपीतून काढण्याबद्दल. याला ईएसडी म्हणतात. डागाच्या भोवती करंटने बारीक ठिपके मारून हद्द आखतात, मग सुईने डागाखाली द्रव सोडून तो भाग फुगवून वर उचलतात, ठिपक्यांच्या बाहेरून गोल कापतात आणि खालचा थर बारीक चाकूने हळूहळू सोडवत अख्खा तुकडा एकसंध बाहेर काढतात. एकसंध हे महत्त्वाचं, तुकडे तुकडे झाले तर कडेला कॅन्सर होता की नव्हता ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. बाहेर आलेला तुकडा ताणून बोर्डवर टाचण्यांनी लावतात, फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्याच्या दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या करून प्रत्येक पट्टी बघतो. जठर पूर्ण शाबूत राहतं, जखम साधारण दोन महिन्यांत भरते. जठराला भोक पडणं आणि रक्तस्राव हे त्यातले धोके आहेत पण बहुतेक वेळा एंडोस्कोपीतूनच क्लिप लावून निभावतं.

हे कुणाला चालतं? कॅन्सर फक्त म्यूकोसात असावा. पेशी डिफरन्शिएटेड प्रकारच्या, म्हणजे अजून बऱ्यापैकी मूळ पेशींसारख्या दिसणाऱ्या, असतील आणि अल्सर नसेल तर आकाराला मर्यादा नाही, अल्सर किंवा त्याचा व्रण असेल तर ३ सेंटिमीटरपर्यंत. अनडिफरन्शिएटेड असेल, सिग्नेट रिंग त्यातच येतो, तर २ सेंटिमीटरपर्यंत आणि अल्सर अजिबात नको. तुमच्या वडिलांचा डाग अडीच सेंटिमीटरचा आहे, म्हणजे बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये वेल किंवा मॉडरेटली डिफरन्शिएटेड लिहिलंय की पुअरली किंवा सिग्नेट रिंग, यावर तुमच्या दोन डॉक्टरांमधला वाद सुटतो. पहिलं असेल आणि अल्ट्रासाउंडला डाग वरवरचा वाटत असेल तर मी स्वतः सर्जन असूनही आधी ईएसडीलाच पाठवेन. दुसरं असेल तर सरळ ऑपरेशन. तुम्ही रिपोर्टमधली नेमकी हीच ओळ लिहिलेली नाही, ती बघा.

आणि ईएसडी झालं म्हणजे विषय संपला असंही नाही. रिपोर्ट येईल त्यात चार गोष्टी शोधा: कडा आणि तळ स्वच्छ आहेत का, खोली किती, पेशींचा प्रकार कोणता, आणि लिम्फच्या किंवा रक्ताच्या नळ्यांत पेशी शिरलेल्या दिसतात का. सबम्यूकोसात अर्ध्या मिलिमीटरच्या आत उतरलेला, डिफरन्शिएटेड, ३ सेंटिमीटरपर्यंतचा आणि नळ्या स्वच्छ असतील तर तेही पुरेसं मानतात. त्याच्या पलीकडे गेलं की ऑपरेशनचा सल्ला दिला जातो, आणि इथे लोक चिडतात, 'मग आधीच का नाही केलं' म्हणून. पण ईएसडी वाया गेलेलं नसतं, खरी खोली त्यामुळेच कळते. शिवाय या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये बहुतेकांच्या नोडमध्ये काहीही सापडत नाही. म्हणून जपानमध्ये यासाठी गुण मोजायची पद्धत काढली आहे, तिच्यात कमी धोक्याच्या गटात नोड बाधित असण्याचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास येतं आणि जास्त धोक्याच्या गटात वीसच्या वर जातं. ८५ वर्षांच्या, हृदय कमजोर असलेल्या पेशंटला अडीच टक्क्यांसाठी मोठ्या ऑपरेशनला न्यायचं का, हा विचार घरच्यांसोबत बसून करायचा असतो. ६१ वर्षांच्या धडधाकट माणसाचं उत्तर वेगळं येतं.

समजा ऑपरेशनच ठरलं. डाग खालच्या भागात आहे म्हणजे डिस्टल गॅस्ट्रेक्टॉमी, जठराचा खालचा साधारण दोन तृतीयांश भाग आणि त्यालगतचे लिम्फ नोड काढायचे. अडीच सेंटिमीटरच्या डागासाठी एवढं का, असं सगळेच विचारतात. डागापासून २ सेंटिमीटर निरोगी कड मिळाली की अर्ली कॅन्सरला तेवढं पुरतं, पण नोड हे जठराला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या बाजूने असतात, ते नीट काढायचे तर त्या नळ्या मुळाशी बांधाव्या लागतात आणि मग त्या नळ्यांवर जगणारा जठराचा भाग ठेवता येत नाही. नोड किती दूरपर्यंत काढायचे याच्या पायऱ्या आहेत, डी१, डी१ प्लस, डी२. अर्ली आणि नोड साधे वाटत असतील तर सहसा डी१ प्लस पुरतं, नोडबद्दल किंवा खोलीबद्दल शंका असेल तर डी२. नंतरच्या रिपोर्टमध्ये किमान १६ नोड तपासलेले असावेत, त्यापेक्षा कमी असतील तर 'नोडमध्ये काही नाही' या वाक्यावर पूर्ण विसंबता येत नाही. हा आकडा डिस्चार्जनंतर आवर्जून बघा, बरेच लोक फक्त शेवटची ओळ वाचून फाइल बंद करतात.

डाग वरच्या भागात असता तर गणित अवघड झालं असतं. पूर्वी सरसकट पूर्ण जठर काढायचे, आता अर्ली केसमध्ये फक्त वरचा भाग काढून खालचा ठेवायचा प्रयत्न होतो, जोडणी मात्र अशी करावी लागते की ॲसिड अन्ननलिकेत उसळणार नाही. एक मोठा अपवाद आहे: सीडीएच१ नावाच्या जीनमध्ये बिघाड असलेली कुटुंबं. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून १९९८ साली हे उघड झालं. त्यांच्यात कॅन्सरचे बारीक ठिपके जठरभर विखुरलेले असू शकतात म्हणून डाग लहान असला तरी पूर्ण जठर काढतात.

पोट उघडून की लॅप्रोस्कोपीने? अर्ली स्टेजच्या डिस्टल ऑपरेशनसाठी हा वाद माझ्या मते मिटलेला आहे. जपानमध्ये १९९१ साली पहिलं असं ऑपरेशन झालं आणि पुढे कोरियात क्लास-०१ नावाची मोठी ट्रायल झाली, स्टेज १ च्या पेशंटमध्ये पाच वर्षांनी जिवंत असलेले लॅप्रोस्कोपीत ९४.२ टक्के आणि ओपनमध्ये ९३.३ टक्के, म्हणजे सारखेच, आणि जखमेचे त्रास लॅप्रोस्कोपीत कमी. रोबोटने कॅन्सरच्या बाबतीत जास्त फायदा होतो असं मला तरी दिसलेलं नाही, सर्जनला आरामशीर पडतं हे खरं. मशीनपेक्षा हात कुणाचा आहे ते बघा. सर्जनला सरळ विचारा की वर्षाला अशी किती ऑपरेशन्स तुमच्या युनिटमध्ये होतात, विचारण्यात काही गैर नाही.

एक बारीक गोष्ट, जी आधी ठरलेली नसेल तर टेबलावर घोळ होतो. अर्ली डाग बाहेरून दिसत नाही आणि लॅप्रोस्कोपीत हाताला लागायचाही प्रश्न नाही. मग कापायचं कुठे? म्हणून एक-दोन दिवस आधी एंडोस्कोपी करून डागाजवळ क्लिप लावतात किंवा शाई टोचतात, किंवा ऑपरेशन चालू असतानाच एंडोस्कोप घालून आतला दिवा बाहेरून बघतात आणि तिथे खूण करतात. कापल्यावर कड फ्रोझन सेक्शनला, म्हणजे गोठवून लगेच मायक्रोस्कोपखाली बघायला, पाठवून स्वच्छ असल्याची खात्री करतात आणि मगच जोडणी होते.

जोडणीची नावं डिस्चार्ज कार्डवर दिसतील, बिलरॉथ वन, बिलरॉथ टू किंवा रू-एन-वाय. बिलरॉथ हे व्हिएन्नाचे सर्जन, २९ जानेवारी १८८१ रोजी कॅन्सरसाठी जठराचा भाग काढून पेशंट त्यातून वाचल्याची पहिली केस त्यांची. ती बाई ऑपरेशनमधून सुखरूप उठली पण आजार आधीच पसरलेला होता, काही महिन्यांतच गेली. उरलेलं जठर थेट ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, जोडलं तर बिलरॉथ वन, लहान आतड्याचा लूप वर आणून जोडला तर टू, आणि रू-एन-वायमध्ये पित्त उलटं जठरात येऊ नये अशी वाट काढलेली असते. कुठली करायची ते सर्जनवर सोडा.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस वाया घालवू नका, सिगारेट-तंबाखू आजपासून बंद, रोज चालणं, रक्त कमी असेल तर भरून घेणं, खाण्यात प्रोटीन वाढवणं. नंतर सगळं सुरळीत असेल तर दुसऱ्या दिवशी घोट घोट पाणी आणि बेडवरून उठवणं सुरू होतं, आठवडाभरात बहुतेक लोक घरी जातात. आम्हाला धास्ती असते ती लीकची, म्हणजे जोडणीतून किंवा ड्युओडेनमच्या बंद केलेल्या टोकातून गळती. पहिल्या आठवड्यात ताप, नाडी विनाकारण ११०-१२० वर, पोट दुखणं वाढणं, असं काही दिसलं तर नर्सला लगेच सांगा, 'गॅस झाला असेल' म्हणून थांबू नका. माझ्या मते या सगळ्यात नाडी सर्वात आधी बोलते. स्वादुपिंडाला इजा होऊन रस गळणं, न्यूमोनिया, रक्तस्राव हेही होऊ शकतं. जपान-कोरियातल्या अनुभवी सेंटरमध्ये या ऑपरेशनने मृत्यू होण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे, जिथे अशी ऑपरेशन्स क्वचित होतात तिथे ते जास्त असतं.

आता ज्यासाठी तुम्ही मुळात लिहिलंत ते. स्टेज १ए, म्हणजे टी१ आणि सगळे नोड स्वच्छ, यात नीट उपचार झालेल्यांपैकी शंभरात नव्वदहून जास्त लोक पाच वर्षांनंतर जिवंत असतात, आणि जे जातात त्यातलेही बरेच हृदय, वय अशा दुसऱ्या कारणांनी जातात. इंटरनेटवर तुम्हाला अमेरिकेचा ७५ टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसेल, तो बघून घाबरू नका, तो 'जठरापुरता मर्यादित' अशा सगळ्या पेशंटचा असतो, त्यात भिंतीत खोल गेलेलेही येतात आणि ऑपरेशन न झालेलेही. एक-दोन नोड बाधित निघाले तर स्टेज १बी होते, आकडा थोडा खाली येतो पण अजूनही बरा होण्याच्याच बाजूला असतो. केमो १ए ला लागत नाही, 'सेफ्टीसाठी' म्हणून कुणी देऊ केली तर कारण विचारा. १बी मध्ये मतं वेगळी आहेत, जपानमध्ये सहसा नुसतं लक्ष ठेवतात, पाश्चात्त्य देशांत काही जणांना देतात. तीन किंवा जास्त नोड निघाले तर मात्र डाग कितीही वरवरचा असला तरी किमान स्टेज दोनमध्ये जातो आणि ऑन्कॉलॉजिस्टला भेटावंच लागतं.

ऑपरेशन आजच करायचं का, तर आज नको, पण महिने लावू नका. जपानमध्ये काही कारणाने ऑपरेशन न झालेल्या अर्ली पेशंटवर लक्ष ठेवलं तेव्हा निम्म्यांचा आजार ॲडव्हान्स्ड व्हायला ४४ महिने लागले होते. म्हणजे दुसरं मत घ्यायला, स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्यायला दोन-तीन आठवडे गेले तर काही बिघडत नाही. ते जरूर करा.

नंतरचं आयुष्य यावर डॉक्टर कमी बोलतात म्हणून जरा लिहितो. जठर हे गोदाम आहे, आलेला माल थोडा थोडा पुढे सोडणारं, ते लहान झालं की माल एकदम आतड्यात उतरतो. जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब झाले तर ते अर्ली डंपिंग. एक ते तीन तासांनी थरथर, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लेट डंपिंग, त्यात साखर खाली गेलेली असते. उपाय साधा पण चिकाटीचा आहे, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, चावून चावून, गोड आणि पातळ साखरेचे पदार्थ कमी, पाणी जेवणासोबत न घेता अर्धा तास अंतराने, आणि प्रोटीन प्रत्येक वेळी. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षात बसतं. या काळात घरचे प्रेमाने ताट भरून आग्रह करतात आणि पेशंटला त्रास होतो, तेव्हा तो आग्रह बंद. वजन उतरतंच, पूर्ण जठर काढलं तर जास्त, अर्धं काढलं तर कमी. वर्षभरानंतरही उतरतच असेल तर दाखवा.

बी१२ जठरातून निघणाऱ्या एका घटकाशिवाय नीट शोषलं जात नाही. पूर्ण जठर काढलेल्यांना ते आयुष्यभर घ्यावं लागतं, यकृतातला साठा संपायला दोन ते पाच वर्षं लागतात म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही आणि मग हातापायांना मुंग्या येतात. तुमच्या वडिलांचं अर्धवट ऑपरेशन असेल तर दर वर्षी बी१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासत रहा, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वही. पित्तखडे होण्याचं प्रमाण वाढतं, ते सोनोग्राफीत दिसतात. एंडोस्कोपी दर वर्षी, कारण जठर उरलंय तोवर त्यात नवा डाग होऊ शकतो, आणि ईएसडी झालेल्यांमध्ये हे जास्तच महत्त्वाचं, त्यांचं अख्खं जठर आत असतं.

याच कारणासाठी एच पायलोरी या जठरातल्या जंतूची टेस्ट झालीय का ते बघा. हा जंतू १९९४ पासून कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात धरला जातो. कोरियातल्या २०१८ च्या ट्रायलमध्ये एंडोस्कोपीतून कॅन्सर काढलेल्यांना हा जंतू मारायची औषधं दिली तर नवा कॅन्सर ७.२ टक्के लोकांना झाला, न दिलेल्यांत १३.४ टक्के. कोर्स एक-दोन आठवड्यांचा असतो, आणि जंतू खरंच गेला का याची श्वासाची टेस्ट नंतर करायचीच, ती पुष्कळ जण विसरतात.

भावंडांचं विचारलंत, तर हो. आई-वडील किंवा भावंडांत जठराचा कॅन्सर असेल तर धोका दोन-तीन पट धरतात. सगळ्यांनी एच पायलोरी तपासा आणि निघाला तर उपचार घ्या. असे नातेवाईक घेऊनच कोरियात आणखी एक ट्रायल झाली, २०२० ला प्रसिद्ध झाली, त्यात उपचार घेतलेल्यांत १.२ टक्के आणि न घेतलेल्यांत २.७ टक्के लोकांना पुढे कॅन्सर झाला. चाळिशी ओलांडलेल्यांनी एकदा एंडोस्कोपी करून घ्या, पुढची कधी ते त्यात जठराची त्वचा कशी दिसते त्यावर ठरेल. घरात आणखी कुणाला कमी वयात जठराचा कॅन्सर झाला असेल किंवा एखादीला लोब्युलर प्रकारचा स्तनाचा कॅन्सर असेल तर ते तुमच्या सर्जनला ऑपरेशनच्या आधीच सांगा, सीडीएच१ ची टेस्ट त्यावर ठरते आणि ती पॉझिटिव्ह आली तर वर लिहिलेलं अर्धवट ऑपरेशनचं सगळं प्लॅनिंग बदलतं.